बाई, 'वेड' म्हणजे काय?

पत्र: "मी कृष्णाकाठच्या एका गावात माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. आठवीच्या धड्यात पाण्यातून चालत जाण्याचं क्रियापद आलं. उच्चार 'वेड'. फळ्यावर अर्थ लिहायच्या आत वर्गात हसू फुटलं. 'बाई, वेड म्हणजे काय?' म्हणत पोरं एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली. मी अर्थ सांगितला, 'पाण्यातून चालणे'. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं, हा शब्द आला कुठून? मला ठाऊक नव्हतं. गप्प राहणं बरं दिसेना, म्हणून बोलून गेले, 'आपल्या वाट या शब्दावरून. पाण्यातून वाट काढायची, तेच हे.' मुलांनी वहीत उतरवून घेतलं. पालकसभेत एका पालकांनी त्याचं कौतुकही केलं. नंतर घरी शोधलं, तर 'वाट'चा कुठं मागमूस नाही. सहकारी म्हणतात, कशाला उकरून काढता, मुलं विसरून जातील. मला मात्र त्या वह्या तपासायला घेतल्या की हात थबकतो. दुसरं असं, की पुढच्याच पाठात हाच शब्द कागदांच्या ढिगाऱ्यासाठी आला. तिथं पाण्याचा थेंब नाही. आधी सांगितलेला अर्थ आता कसा फिरवू?"
– एक शिक्षिका, सांगली जिल्हा

उत्तर:

बाई,

पुढच्या तासाला हजेरी झाली की लगेच सांगून टाका: "परवा मी 'वेड' हा शब्द 'वाट'वरून आला असं म्हणाले. ते चुकीचं होतं. मला माहीत नव्हतं आणि मी अंदाजानं बोलले." एवढंच. सारवासारव नको आणि दहादा माफी मागणंही नको. बाई चुकतात याचं आठवीतल्या मुलांना नवल नसतं. बाई ते स्वतःहून सांगतात, हे मात्र त्यांनी फारसं पाहिलेलं नसतं.

मी ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं. त्यातल्या पहिल्या दहा वर्षांत 'मला माहीत नाही' हे वाक्य माझ्या तोंडून वर्गात एकदाही निघालं नाही. त्या मुलांना मी काय काय सांगून बसलो असेन, याची रुखरुख आजही आहे. ती मुलं आता कुठं कुठं पांगली. त्यांच्या वह्या मला दुरुस्त करता येणार नाहीत. तुमची मुलं अजून तुमच्यासमोर बाकावर बसलेली आहेत. आणि ती विसरणार नाहीत, हे तुमच्या सहकाऱ्यांना माझ्या वतीनं सांगा. पाठ केलेलं विसरतं, हसताना ऐकलेलं राहतं. तो तास त्यांच्या डोक्यात पक्का बसलाय.

पण चुकीचं काढून घ्यायचं तर त्या जागी खरं काहीतरी ठेवायला हवं. ते आहे, आणि अंदाजापेक्षा पुष्कळ गोड आहे.

हा शब्द इंग्रजीच्या घरचा. फ्रेंचांकडून किंवा लॅटिनमधून उसना घेतलेला नव्हे. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत त्याचं रूप होतं 'वादान'. भावंडं शेजारीपाजारी सगळीकडे आहेत: डच भाषेत 'वादन', स्वीडिशमध्ये 'वादा', जर्मनमध्ये 'वाटेन'. हे जर्मन रूप ऐकलं की तुमच्या मागच्या बाकावरचा मुलगा नक्की म्हणेल, "बाई, वाटेन म्हणजे वाटच की!" तेव्हा आधीच तयारीत राहा. इंग्रजीत जिथं 'ड' असतो तिथं जर्मनमध्ये बऱ्याचदा 'ट' येतो. इंग्रजी 'डे', जर्मन 'टाग'. इंग्रजी 'ड्रिंक', जर्मन 'ट्रिंकेन'. तसंच इंग्रजी 'वेड', जर्मन 'वाटेन'. तो 'ट' मागाहून आलेला आहे, मुळातला नाही.

मग मुळात काय होतं? लॅटिनमध्ये याच कुळातलं एक क्रियापद आहे, 'वादेरे', म्हणजे जाणे. ते आणि इंग्रजी 'वेड' चुलतभाऊ लागतात. दोघांच्या मागे भाषाशास्त्रज्ञ जो जुना धातू मानतात त्याच्या शेवटी 'ध' होता. हा 'ध' संस्कृतनं जसाच्या तसा जपला, लॅटिननं शब्दाच्या मधोमध त्याचा 'द' केला, इंग्रजीनं 'ड' केला. मुलांना हे फळ्यावर दाखवा, खडूनं तीन रकाने आखून. संस्कृत 'विधवा', लॅटिन 'विदुआ', इंग्रजी 'विडो'. संस्कृत 'मधु', इंग्रजी 'मीड' – मधापासून काढलेली दारू. म्हणजे 'वेड'चा कुणी सख्खा संस्कृतात असता, तर त्याच्यात 'ध' दिसला असता. 'वाट'मध्ये तो नाही. 'वदणे'मध्येही नाही, तिथं 'द' आहे. शिवाय वदणे म्हणजे बोलणे. कुणी हुशार मूल ते काढेलच, म्हणून सांगून ठेवतो.

आपली 'वाट' आली आहे 'वर्त्म'पासून. 'वर्त्म'चं प्राकृतात 'वट्ट' झालं आणि तिथून 'वाट'. 'वर्तुळ'चं 'वाटोळं' झालं ते याच चालीनं. मूळ धातू 'वृत्', वळणे. त्याचे नातलग इंग्रजीत सापडतात बरं का. 'टुवर्ड', 'बॅकवर्ड' यांच्या शेवटचा तुकडा हा 'वाट'चा दूरचा नातेवाईक. 'कन्व्हर्ट' आणि 'रिव्हर्स' लॅटिनमार्गे आलेले, तेही त्याच कुळातले. म्हणजे मुलांना असं सांगता येईल: "मी 'वाट'चं नातं भलत्याच घरात जोडलं. तिचं खरं घर हे." ज्या मुलाला प्रश्न पडला होता त्याला एकाच्या जागी दोन शब्दांची कुळी मिळेल.

आता तुमच्या दुसऱ्या अडचणीकडे येतो, कारण ती या पहिल्यातूनच सुटते.

तुम्ही अर्थ सांगितलात 'पाण्यातून चालणे'. तो चूक नाही. पण शब्दाची सुरुवात पाण्यात झालेलीच नाही. जुन्या इंग्रजीत 'वादान' म्हणजे नुसतं जाणे, पुढं सरकणे, पावलं टाकत निघणे. 'बेवुल्फ' या जुन्या काव्यात म्हातारा राजा अग्निसर्पाशी झुंजत असतो. सगळे साथीदार पळून गेलेले असतात. एकटा तरुण विग्लाफ त्याच्या मदतीला धावतो, त्या जीवघेण्या धुरातून. तिथं कवीनं हेच क्रियापद वापरलंय, त्या काळच्या भूतकाळी रूपात: 'वोड'. धूर आहे, ज्वाळा आहेत, पाणी नाही. दुसऱ्या एका जुन्या कवितेत देशोधडीला लागलेला माणूस परक्या मुलखाच्या वाटा चालतो, तिथंही 'वादान'.

आणि मग पाणी येतं. इसवी सन ९९१. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, इसेक्समध्ये, मॉल्डन नावाच्या गावाशी व्हायकिंग येऊन ठेपले. त्यांचा तळ नदीमुखातल्या एका बेटावर. बेटावरून काठाला यायला एक वाट आहे. भरतीला ती बुडते, ओहोटीला उघडी पडते. आजही तसंच होतं. इंग्रजांची फौज अलीकडच्या तीरावर उभी, मध्ये पाणी, बाण सोडण्यापलीकडे कुणाला काही करता येईना. ओहोटी लागली. इंग्रजांच्या सरदारानं शत्रूला अलीकडं येऊ दिलं, आणि पुढं त्याच लढाईत तो पडला. या लढाईवर त्या काळची एक कविता आहे. ती आपल्यापर्यंत अर्धीमुर्धीच पोचली, सुरुवात नाही आणि शेवट नाही. पण नेमकी ही ओळ शाबूत आहे: रणातले लांडगे चालत निघाले, पाण्याची त्यांना तमा नव्हती, पांटा नदी ओलांडून पश्चिमेकडं, चकाकत्या पाण्यावरून ढाली नेत. हे 'चालत निघाले' म्हणजे 'वोडन', आपल्या शब्दाचंच अनेकवचनी भूतकाळी रूप. पाण्याची तमा नव्हती हे कवीला वेगळं सांगावं लागलं, याकडे मुलांचं लक्ष वेधा. क्रियापदात तोवर पाणी शिरलेलं नव्हतं. पाणी त्याच्या शेजारी येऊन उभं राहिलं होतं, इतकंच.

पुढच्या काही शतकांत ते आत शिरलं. साधं 'जाणे' सांगायला इंग्रजीत दुसरी क्रियापदं होतीच. या क्रियापदाकडं मग एवढंच काम उरलं: जिथं पाय सहज पडत नाही, तिथून जाणे. पाणी, चिखल, बर्फ, कमरेइतकं गवत. पाय टाकताना काहीतरी धरून ठेवतंय, मागं ओढतंय, आणि तरी माणूस पुढं चाललाय. वर्गात अर्थ सांगायचा तो हा. एकदा हा अर्थ दिला, की कागदांच्या ढिगाऱ्यासाठी वेगळा अर्थ द्यावा लागत नाही.

आणि बाई, यासाठी मराठीत एक शब्द असा आहे की तुमची चूक मला अर्धीच चूक वाटते. तुडवणे. आपण पाणी तुडवतो. चिखल तुडवतो. रानं तुडवतो. वाटही तुडवतो! विग्लाफचा धूर असो की परागंदा माणसाच्या वाटा, 'तुडवणे' दोन्हीकडं बसतं. तुमच्या मनात 'वाट' आली ती उगाच आली नाही. शब्दाच्या जन्माशी तिचा संबंध नाही, पण त्याच्या अर्थाशेजारी ती बसू शकते. जन्म आणि अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आठवीतल्या मुलाला या एका शब्दावरून कळलं तर त्या चुकीचं सोनं झालं असं मी म्हणेन.

शब्दातला हा 'धरून ठेवणं' मुलांना अंगावर जाणवू द्या. त्यासाठी नदीवर न्यायचं काम नाही. एक बादली भरून वर्गात आणा. एकेकाला कोपरापर्यंत हात बुडवून तो हळू फिरवायला सांगा, मग जोरात. हळू फिरवताना काही वाटत नाही, जोरात फिरवायला गेलं की पाणी हात अडवतं. हवेपेक्षा पाणी ८०० पटींहून जास्त घन असतं. आणि वेग दुप्पट केला की पाण्याचा रोध साधारण चौपट होतो. म्हणून पाण्यातून कुणी धावत सुटत नाही, रेटत चालतं. या क्रियापदात जो संथपणा आहे तो कुणी कोशात बसून घातलेला नाही. तो पाण्यानं घातलाय.

माझ्या लहानपणी आमच्या गावच्या ओढ्यावर साकव नव्हता. शाळा पलीकडं. पावसाळ्यात आजोबा मला पोचवायला यायचे. दप्तर डोक्यावर, चपला हातात. त्यांनी माझा हात कधी धरला नाही, मनगट धरायचे. ओला हात निसटतो म्हणायचे. दुसऱ्या हातात काठी. ती वरच्या अंगाला, धारेच्या विरुद्ध रोवायची, मग पाऊल. पाऊल उचलायचं नाही, तळाशी घासत सरकवायचं. "पाण्याकडं बघू नकोस, भोवळ येईल. त्या बाभळीकडं बघ." बाभूळ पलीकडच्या काठावर होती. एक पाय घट्ट बसल्याशिवाय दुसरा सोडायचा नाही. पुढं मी इंग्रजी शिकलो, हा शब्द पहिल्यांदा वाचला, अर्थासाठी कोश उघडला. कोशात अर्थ होता तो बरोबर होता. पण मला तो कळला ते मनगटावरच्या त्या पकडीमुळं. तुमच्या वर्गातल्या कित्येकांना असं काही आठवत असेल. त्यांना बोलू द्या.

एक जपा मात्र. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तुमच्या भागात कृष्णेनं काय केलं हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. कुणाच्या घरात कमरेइतकं पाणी होतं, कुणाची दुभती जनावरं गेली. तेव्हा 'पुरातून चालतानाचा अनुभव सांगा' असं नाव घेऊन कुणाला उभं करू नका. ज्याला सांगावंसं वाटेल तो आपणहून हात वर करील.

आता कागदांचा ढिगारा. एखादा अधिकारी पाचशे पानांचा अहवाल वाचत बसलाय, इंग्रजीत तो 'वेड थ्रू' करतो. इथं मराठी वाचकाचा हात नकळत 'चाळला' या शब्दाकडं जातो, आणि वर्तमानपत्रातही मी ते पाहिलंय. ते उलटं होतं. चाळणे म्हणजे वरवर, भराभर. इथं तर पानापानाला पाय रुततोय. मराठीत आपण म्हणतो, फायली उपसल्या. 'उपसणे' बघा, तोही पाण्याचाच शब्द. विहीर उपसावी तसे कागद उपसायचे. इंग्रज कागदांतून पाणी तुडवत जातो, आपण कागद पाण्यासारखे उपसतो. यासारखा अनुवाद सापडला की मला दिवसभर बरं वाटतं. नुसतं 'नेटानं वाचून काढला' म्हटलं तरी चालेल.

तिसरा वापर पुढंमागं येईलच: दुसऱ्यांच्या भांडणात कुणी 'वेड इन' करतो. तिथं 'तुडवणे' लावू नका, अर्थ भलताच होईल. 'भांडणात उडी घेतली' हे आपलं तयार आहे. त्यात पाणीही आपसूक आलं.

शेक्सपिअरनं या शब्दाची पाण्यातली बाजू आणि मनातली बाजू एका जागी आणली. 'मॅकबेथ'च्या तिसऱ्या अंकात, एकामागून एक खून पाडलेला मॅकबेथ म्हणतो की रक्तात मी इतका आत आलोय, की आता पुढं पाऊल नाही टाकलं तरी मागं फिरणं हे पलीकडं जाण्याइतकंच जिकिरीचं. नदीच्या मधोमध उभ्या राहिलेल्या माणसालाच हे सुचेल. दोन्ही काठ सारखेच लांब. आठवीला हे जड जाईल, पण दहावीच्या वर्गात सांगून बघा.

लॅटिनच्या चुलतभावाबद्दल थोडं राहिलं. 'वादेरे'ची पोरं इंग्रजीत पुष्कळ आलीत आणि तुमच्या मुलांना ती परीक्षेत भेटतात. 'इन्व्हेड', आत घुसणे. 'इव्हेड', निसटून बाहेर जाणे. 'पर्व्हेड', सगळीकडून पसरत जाणे. तिन्हींत शेवटचा भाग एकच, 'जाणे'. पुढचा तुकडा फक्त दिशा सांगतो. हे एकदा दाखवलं की तीन शब्द तीनदा पाठ करावे लागत नाहीत.

त्याच लॅटिनमध्ये नदीतल्या उथळ जागेला 'वादुम' म्हणतात, जिथून पायी पार होता येतं. आणि उत्तर युरोपात तर एक अख्खा समुद्र या कुळाचं नाव लावून बसलाय. नेदरलंड्स, जर्मनी आणि डेन्मार्क यांच्या किनाऱ्याला लागून वाडन समुद्र आहे. दिवसातून दोनदा पाणी मागं हटतं आणि मैलोन्‌मैल ओला गाळ उघडा पडतो. डच लोक वाटाड्या बरोबर घेऊन त्या गाळातून चालत बेटांवर जातात. वाटाड्या लागतोच, कारण पाणी परत यायची वेळ ठरलेली असते. २००९ मध्ये युनेस्कोनं या समुद्राचा डच आणि जर्मन भाग जागतिक वारशाच्या यादीत घेतला, डेन्मार्कचा भाग २०१४ मध्ये.

मुलांना हसू आलं होतं ना? मग त्यांना मॅथ्यू वेडची आठवण करून द्या. २०२१ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, दुबईत, पाकिस्तानच्या शाहीन आफ्रिदीला लागोपाठ तीन षटकार मारून ऑस्ट्रेलियाला अंतिम फेरीत नेणारा. मराठी पेपरांत त्याचं आडनाव असंच छापून येतं. हे आडनाव इंग्रजांत दोन वाटांनी आलं: काही घराण्यांत एका जुन्या व्यक्तिनामावरून, काहींत नदीच्या उतारापाशी राहत म्हणून. बेडफर्डशरमधल्या बिगल्सवेड या गावाच्या नावात शेवटी हाच उतार आहे. एवढं ऐकल्यावर वर्ग पुन्हा हसेल, पण आता शब्द ओळखीचा झालेला असेल. आणि लिहिताना घोटाळा नको म्हणून हेही सांगा की 'वजन केलं' यासाठीचा इंग्रजी शब्द कानाला हुबेहूब असाच लागतो. ऐकून फरक कळत नाही, वाक्यावरून कळतो.

भूतकाळाचं विचाराल तर आज 'वेडेड'. 'वोड' हे रूप केव्हाच गेलं. एखाद्या मुलानं हौसेनं 'वोड' लिहिलं तर गुण देऊ नका, पण समासात शाबास लिहा.

मघाशी मी 'उतार' म्हणालो. नवीन मुलांना उतार म्हणजे फक्त घाटातला उतार माहीत असतो. पूल व्हायच्या आधी नदीला उतार असायचा, म्हणजे पायी पार होण्याजोगी जागा. पाणी ओसरलं की नदी पायउतार झाली म्हणायचे. आता फक्त मंत्री पायउतार होतात. पाण्यात पाय टेकला की ठाव लागला, नाही टेकला की अथांग. संस्कृतात पाय टेकेल अशा पाण्याला 'गाध' म्हणत. जिथं टेकत नाही ते 'अगाध'. तीर्थ म्हणजेही आधी नदीत उतरायची, पार व्हायची जागाच. 'तरणे' आणि 'तीर्थ' एकाच धातूचे. यांपैकी एकाचाही इंग्रजी 'वेड'शी रक्ताचा संबंध नाही, तो जोडू नका. पण अर्थाचा खुंटा इथं घट्ट बसतो: तळाला पाय टेकतोय तोवरच हे क्रियापद. ठाव सुटला की माणूस पोहतो किंवा बुडतो, दोन्हीला इंग्रजीत वेगळे शब्द आहेत. मजेनं उथळ पाण्यात पाय हलवत फिरणं यालाही वेगळा शब्द आहे, 'पॅडल'. समुद्रकिनाऱ्यावर लहान पोरं करतात ते.

चित्र दाखवायचं असेल तर शेकाट्या पक्ष्याचं दाखवा. काळे पंख, पांढरं पोट आणि काडीसारखे लांबच लांब लाल पाय. तळ्याच्या कडेला तो कसा चालतो ते तुमच्याकडच्या मुलांनी पाहिलेलं असणार. पोट कोरडं, पाय पाण्यात, प्रत्येक पाऊल जपून. अशा पक्ष्यांना इंग्रजीत 'वेडर' म्हणतात. मांडीपर्यंत आणि कधी छातीपर्यंत येणाऱ्या रबरी बुटांनाही तेच नाव.

आता पुढच्या तासाचं. आधी चूक सांगा, मग विग्लाफचा धूर आणि मॉल्डनची ओहोटी, मग बादली. विदुआ-विधवाचे रकाने दुसऱ्या दिवशी घ्या, एका तासात हे सगळं कोंबू नका. घरचा अभ्यास म्हणून एकच प्रश्न द्या: पूल व्हायच्या आधी आपल्या गावच्या नदीला उतार कुठं होता, आणि त्या जागेला काय म्हणायचे? घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून यायचं. त्या जागांची नावं कुठल्याच कोशात नाहीत. मुलांनी आणलेली नावं मला कळवलीत तर फार आनंद होईल.

आणि त्या वह्यांवर लाल शाईची फुली मारू नका. तिथं चुकलेली मुलं नाहीत. 'वाट' हा शब्द ज्यानं त्यानं आपल्या हातानं खोडावा आणि शेजारी 'तुडवणे' लिहावं. मागच्या बाकावरच्या त्या मुलाला तेवढं फळ्यावर लिहायला बोलवा.